पुसलेली नासपती

मावशींच्या हातून उभ्या आयुष्यात ससा नसलेली दोनच चित्रं झाली. त्यांतलं एक गळतीसाहेबांनी शनिवारी दुपारी ओल्या फडक्याने पुसून काढलं.

यात गळतीसाहेबांचा तसा काही दोष नव्हता. म्हणजे, फडकं त्यांचं होतं, हात त्यांचा होता आणि पाणीही त्यांनीच घेतलं होतं. पण पुसायला त्यांना सासूबाईंनी सांगितलं होतं, आणि सासूबाईंनी सांगितलेलं ऐकायचं, हा त्यांच्या संसाराचा पाया होता.

गळतीसाहेब हे काही त्यांचं नाव नव्हे. ते पाणीपुरवठा कचेरीत होते. जमिनीखालचे नळ कुठे गळतात ते शोधायचं आणि ती गळती बंद करायची, हे त्यांच्या विभागाचं काम. हाताखालची माणसं आधी त्यांना पाठीमागे गळतीसाहेब म्हणायची, मग तोंडावर म्हणू लागली, आणि शेवटी बायकोही लाडात आली की तेच म्हणायची. पाण्याला त्यांच्याइतकं ओळखणारा माणूस कचेरीत दुसरा नव्हता. जलरंगात जल असतं आणि ते पुन्हा पाण्याची वाट बघत असतं, एवढंच त्यांना कधी कुणी सांगितलं नव्हतं.

मावशी म्हणजे त्यांच्या बायकोची मावशी, सासूबाईंची धाकटी बहीण. मुलांच्या पुस्तकांत चित्रं काढण्यात त्यांचा जन्म गेला, आणि चित्रं म्हणजे ससे. विजार घातलेले ससे, छत्री उडालेले ससे, शाळेला उशीर झालेले ससे, दाढ दुखते म्हणून गालाला रुमाल बांधून बसलेले ससे. पुढे पुढे प्रकाशकांनी गोष्टही सांगायची सोडून दिली. नुसते "अकरा ससे आणि एक पूल" असे निरोप यायचे. "माझ्यामागे लागलाय तो खराखुरा ससेमिरा," असं मावशी म्हणायच्या.

तरुणपणी एकदा वैतागून त्यांनी स्वयंपाकघराचं दार आतून लावून घेतलं आणि आठवडाभर खपून एक स्थिरचित्र रंगवलं. निळी चिनी मातीची किटली, पांढरा चुरगळलेला रुमाल, अर्धं सोललेलं लिंबू, आणि पसरट वाडग्यात द्राक्षांच्या घोसावर बसलेली एक जाडजूड पिवळी नासपती. ते त्यांनी मोठ्या चित्रकारांच्या प्रदर्शनात पाठवलं. परीक्षक चित्रासमोर बराच वेळ उभा राहिला, मान तिरकी केली आणि चारचौघांत म्हणाला, "चित्र उत्तम आहे बाई. पण ससा कुठे आहे?"

चारचौघे हसले. मावशींनी चित्र काखोटीला मारलं, घरी आणलं आणि पुन्हा मोठ्यांच्या प्रदर्शनासाठी ब्रश हातात धरला नाही. पुढे भाचीच्या लग्नात त्यांनी ते भेट दिलं. तेव्हापासून ते गळतीसाहेबांच्या घरात, बैठकीच्या आणि स्वयंपाकघराच्या मधल्या बोळात लटकत होतं.

ससा नसलेलं दुसरं चित्र म्हणजे सासूबाईंचं पोर्ट्रेट. बहिणीने फारच मागे लागून काढून घेतलेलं. ते सासूबाईंच्या हॉलमध्ये अशा जागी टांगलेलं होतं, की आलेल्या माणसाला ते पाहिल्याशिवाय बसताच येऊ नये.

आता मावशी थकल्या होत्या. ग्रंथालयाने त्यांच्या चित्रांचं प्रदर्शन ठरवलं, तेव्हा त्यांनी एकच अट घातली. "समोरच्या मोठ्या भिंतीवर माझं फळांचं चित्र लावायचं. एकटं. त्या भिंतीकडे एकही ससा फिरकता कामा नये. जायच्या आधी एकदा, एकदाच, मला कुणीतरी नुसतं चित्रकार म्हणावं. सशांची नव्हे."

हे बोलताना त्यांचा आवाज कापला होता. तो गळतीसाहेबांनी स्वतःच्या कानांनी ऐकला होता. म्हणूनच पुढचं सगळं त्यांना इतकं लागलं.

सासूबाईंनी त्याच वेळी आपलंही पोर्ट्रेट पुढे केलं होतं. "त्यातही ससा नाही हो!" असं दोनदा सुचवून पाहिलं. मावशी एकदम म्हणाल्या, "ते नको. ते आहे तिथेच बरं आहे." सासूबाई दोन दिवस फुगून बसल्या.

तर शनिवारी चित्राला नवी काच बसवायची होती. जुन्या काचेला आतून बुरशी आली होती. बायको आणि सासूबाई ग्रंथालयात ससे टांगायला गेल्या होत्या. गळतीसाहेबांना सुट्टी होती आणि चित्र फ्रेमवाल्याकडे पोचवायचं काम त्यांच्याकडे होतं. आता, एखादी गोष्ट बंद अवस्थेत दिसली की ती उघडून पाहिल्याशिवाय गळतीसाहेबांना चैन पडत नसे. त्यांनी फ्रेमच्या मागचे खिळे काढले, पुठ्ठा काढला आणि चित्र अलगद जेवणाच्या टेबलावर ठेवलं. फ्रेमच्या खाचांत धूळ होती म्हणून एक फडकं ओलं करून घेतलं. तेवढ्यात फोन वाजला.

"जावईबापू, चित्र उतरवलंत का?" सासूबाई होत्या. मागे ठकठक चालली होती. सशांसाठी खिळे ठोकले जात होते.

"उतरवलं. बाहेरसुद्धा काढलं."

"मग दुकानात न्यायच्या आधी चित्राचं नीट पुसून घ्या हं. मागाहून भानगड नको."

"पुसतो ना."

"वरवर नको. सगळं पुसा. कडा, मागची बाजू, सगळं."

"मागची बाजूसुद्धा?"

"अहो सगळंच! एकदा पुसून भागलं नाही तर दोनदा पुसा. पण प्रेमाने पुसा हं, खसाखसा नको. वय झालंय आता..." पुढचं ठकठकीत बुडालं आणि फोन बंद झाला.

चित्राचंही वय झालंच होतं. हातात फडकं असलेल्या माणसाला पुसणे या शब्दाचा दुसरा अर्थ आठवत नाही. गळतीसाहेबांनी सासूबाईंच्या आज्ञेप्रमाणे, अगदी प्रेमाने, कडेपासून सुरुवात केली.

किटलीवरून फडकं फिरलं, विशेष काही निघालं नाही. लिंबावरून फिरलं, फडक्याला जेमतेम रंग लागला. नासपतीवर मात्र भरपूर घाण होती. फडकं पिवळंधमक झालं. गळतीसाहेब खूश झाले. त्यांनी फडकं धुतलं, पिळलं आणि पुन्हा पुसलं. आता पांढरं, ओल्या खडूसारखं काहीतरी निघालं. "केवढे थर साचलेत!" ते स्वतःशीच म्हणाले. "इतकी वर्षं कुणी हात लावला नाही याला." त्यांनी तिसऱ्यांदा पुसलं आणि मग कौतुकाने दोन पावलं मागे सरून पाहिलं.

किटली होती. लिंबू होतं. द्राक्षं होती. नासपती फडक्यात होती.

गळतीसाहेबांनी फडक्याकडे पाहिलं. चित्राकडे पाहिलं. पुन्हा फडक्याकडे पाहिलं. सगळा जन्म पाणीखात्यात गेलेल्या माणसाच्या तोंडचं पाणी पळालं. खुर्ची मागे आहे असं समजून ते बसले. ती नव्हती.

जमिनीवर बसल्या बसल्याच त्यांनी सासूबाईंना फोन लावला. त्यांना एवढंच विचारायचं होतं, की पुसताना थोडाफार रंग जाणं हे ठरलेलंच असतं का.

"हं, पुसलंत का?" सासूबाईंनीच आधी विचारलं.

"पुसलं," गळतीसाहेब क्षीण आवाजात म्हणाले.

"मग? काय म्हणाली?"

"कोण?"

"कोण काय? मावशी! तिलाच पुसायला सांगितलं ना मी तुम्हाला? काच कोणती, कड केवढी, मागचा पुठ्ठा बदलायचा का, सगळं तिला पुसून घ्या म्हटलं. वय झालंय, लगेच चिडते, म्हणून प्रेमाने पुसा म्हटलं. की पुसलंच नाहीत?"

सासूबाई विचारणे हा शब्द वापरतच नसत. त्या भाव पुसत, पत्ता पुसत, ख्यालीखुशाली पुसत. इतकी वर्षं गळतीसाहेब ते ऐकत आले होते. अगदी त्याच आठवड्यात "या घरात मला कुणी पुसत नाही" असं ते स्वतः बायकोला म्हणाले होते. आता हे सगळं त्यांना एकदम आठवलं.

"पुसलं, पुसलं," ते म्हणाले. "अगदी दोनतीनदा पुसलं."

"मग हो म्हणाली ना?"

"त्या... काहीच बोलल्या नाहीत."

"म्हणजे हो," सासूबाई निर्धास्त झाल्या. "आणि हे बघा, चित्राला जपा हं. काल मला म्हणाली, ताई, आता डोळे मिटले तरी चालतील." त्यांनी फोन ठेवला.

आता या वेळी शहाण्या माणसाने चित्र तसंच ठेवून मावशींचे पाय धरले असते. पण गळतीसाहेब हे गळती दुरुस्त करणारे गृहस्थ होते. कागदावर, वाडग्याच्या मधोमध, पाणी साचलेलं त्यांना दिसत होतं. साचलेलं पाणी आधी काढायचं, त्याला उतार द्यायचा, हे त्यांच्या धंद्यातलं पहिलं सूत्र. त्यांनी चित्र उलटं धरलं. पाण्याचे दोन ओघळ नासपतीच्या जागेवरून निघून कागदाच्या वरच्या कडेकडे गेले. मग बायकोचं केस वाळवायचं यंत्र त्यावर फिरवलं. कागद पापडासारखा वर आला. तो सपाट करायला वर स्वच्छ चादर घालून इस्त्री फिरवली. एवढं सगळं झाल्यावर त्यांनी श्वास रोखून चादर उचलली.

कागद सपाट झाला होता. पण वाडग्यात आता मोकळी जागाही नव्हती. तिथे एक फिकट, गुबगुबीत आकार होता. खाली रुंद, वर निमुळता. आणि निमुळत्या टोकावरून वर गेलेले दोन लांब ओघळ.

गळतीसाहेबांनी डोळे चोळले. चित्र हातभर लांब धरलं. मग मान तिरकी केली, थेट त्या परीक्षकासारखी.

द्राक्षांच्या घोसावर ससा बसला होता.

उभ्या जगात ससा नसलेली मावशींची दोन चित्रं, त्यातलं जे उद्या सगळ्या लोकांसमोर उघडायचं, त्यात त्यांनी, एका पाणीखात्याच्या माणसाने, आयुष्यात साधी केळ्याची फणी कधी न काढलेल्या माणसाने, फडक्याने ससा काढला होता. आणि तो बरा निघाला होता. खोडरबराने एक कान पुसून पाहिला तर तो जरा मुडपल्यासारखा झाला आणि ससा अधिकच गोजिरवाणा दिसू लागला. त्यांनी खोडरबर बाजूला ठेवला.

फ्रेमवाल्याने चित्र पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला. "अरे वा! मावशींचा ससा! माझ्या दोन्ही मुली यांच्याच पुस्तकांवर मोठ्या झाल्या साहेब. एका नजरेत ओळखतो मी."

"हा ससा नाहीये," गळतीसाहेब घाईने म्हणाले. "डाग आहे."

"डागाला कान असतात होय?"

"ते ओघळ आहेत रे. तू एक काम कर. चौफेर जाड पुठ्ठ्याची कड लाव. अशी रुंद, की हा भाग झाकला जाईल."

फ्रेमवाल्याने पट्टीने मोजून पाहिलं. "मग उरणार काय साहेब? किटलीची दांडी?"

"उरू दे!"

"मावशींचं नाव बुडवायचंय का? एवढा गोड ससा झाकून लोकांना दांडी दाखवू?"

गळतीसाहेबांनी हात जोडले. ते पुढे काही बोलणार तोच कचेरीतून फोन आला. गावाला पाणी देणारा मोठा नळ फुटला होता, रस्त्यावर तळं झालं होतं आणि सगळे गळतीसाहेबांना शोधत होते. जाण्यावाचून इलाज नव्हता. "उद्या सकाळी मी येतो. तोवर याला हात लावायचा नाही. काच नको, काही नको. कळलं?"

"तुम्ही निश्चिंत जा," फ्रेमवाला म्हणाला. असं कुणी म्हणालं की निश्चिंत जाऊ नये, हे खरं तर गळतीसाहेबांना नोकरीत पुरेपूर कळलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दुकानापाशी गेले तर दुकान बंद. शेजारच्या चाव्या बनवणाऱ्याने सांगितलं, की तुमच्या बाईसाहेबांचा काल फोन आला होता, फ्रेमवाला चित्र घेऊन परस्पर ग्रंथालयात गेला. गळतीसाहेब धावत सुटले.

ग्रंथालयाच्या हॉलमध्ये खुर्च्या भरत आल्या होत्या. तिन्ही बाजूंच्या भिंतींवर ससेच ससे. समोरच्या मोठ्या भिंतीवर मात्र एकच चौकट, आणि तिच्यावर पांढरं कापड सोडलेलं. खाली ठळक अक्षरांत पाटी होती: "सशांविना". गळतीसाहेबांना घाम फुटला. फ्रेमवाला दारातच उभा होता, भांग पाडून, इस्त्रीचा सदरा घालून.

"साहेब, एकदम फर्मास झालंय! बाईसाहेब घाई करायला लागल्या म्हणून बसवून टाकली काच, आणि कापड घालूनच इथे आणून टांगलं. आणि एक केलं. डोळा फार पुसट झाला होता, तेवढा पेन्सिलीने ठळक केला. मिशासुद्धा."

"मिशा?" गळतीसाहेबांचा आवाज चिरकला. "अरे, मिशा काढल्यास तू त्याला?"

"मी कशाला काढू? होत्याच. मी मनाचं काही घातलं नाही साहेब, देवाशपथ. होतं तेच गिरवलं."

खोटारडा आहे, गळतीसाहेबांना वाटलं. पण भांडायला वेळ नव्हता. त्यांनी बायकोला गाठलं. ती फुलदाणी कुठे ठेवावी या विवंचनेत होती.

"अगं, ऐक. त्या नासपतीचं..."

"आत्ता नासपती? घरी द्राक्षं आहेत, ती खा गेल्यावर."

"अगं खायची नाही, ती गेली!"

"गेली तर गेली, पुन्हा आणू. अहो, सदरा नीट करा, लोक बघताहेत." आणि ती फुलदाणी घेऊन निघून गेली.

मग त्यांनी ग्रंथपालांना सुचवून पाहिलं, की चित्र झाकलेलंच जास्त शोभून दिसतंय. ग्रंथपाल हसले. मग ते स्वतःच चित्रापुढे जाऊन उभे राहिले. सासूबाईंनी पहिल्या रांगेतून हातानेच बाजूला व्हा अशी खूण केली, आणि त्या खुणेपुढे त्यांचं आजवर कधी चाललं नव्हतं.

मावशी ठेवणीतली शाल पांघरून आल्या होत्या. केस नीट विंचरलेले, चेहरा परीक्षेला बसलेल्या मुलीसारखा. काठी टेकत त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मला भाषण येत नाही. सगळे म्हणतात, बाईंना सशाशिवाय काही जमत नाही. मीही तसंच समजून बसले होते. पण एकदा मी नुसती फळं काढली होती. ती चांगली काढली होती, असं मला वाटतं. तुम्ही बघा आणि खरं काय ते सांगा."

गळतीसाहेबांना वाटलं, जमीन दुभंगावी. मावशींनी कापड ओढलं.

किटली निळीशार होती, लिंबू ताजं टवटवीत होतं, आणि द्राक्षांवर बसून, एक कान मुडपून, मिशा पिंजारून, फ्रेमवाल्याने ठळक केलेल्या टपोऱ्या डोळ्याने एक ससा सगळ्या सभेकडे बघत होता.

"ससा!" पहिल्या रांगेतली एक चिमुरडी किंचाळली.

सगळ्यांनी आधी पाटी वाचली, मग ससा पाहिला, मग पुन्हा पाटी वाचली. कुणीतरी फिसकन हसलं. सासूबाईंच्या तोंडाचा आ झाला तो मिटेना. बायकोच्या हातून फुलदाणी निसटली आणि फ्रेमवाल्याने वरच्यावर झेलली. ग्रंथपालांनी टाळी वाजवायला दोन्ही हात वर घेतले होते, ते तसेच राहिले.

मावशी पांढऱ्याफटक पडल्या. त्यांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली. ओठ हलले, पण शब्द फक्त जवळ उभ्या असलेल्या गळतीसाहेबांनाच ऐकू आले.

"हा... हा बाहेर कसा आला?"

गळतीसाहेबांना त्या शब्दांचा अर्थ लागला नाही. त्यांना फक्त खुर्चीच्या आधाराने उभ्या राहिलेल्या मावशी दिसल्या आणि त्यांच्याने राहवलं नाही. "मावशी, मी केलं!" ते भर सभेत ओरडले. "कुणाचा काही दोष नाही. मी पुसलं!"

"म्हणजे काय, पुसायलाच तर सांगितलं होतं मी तुम्हाला," सासूबाई गोंधळून म्हणाल्या.

"तेच ना! म्हणून पुसलं."

"अहो, पण मावशीला पुसा म्हटलं होतं!"

"मी चित्र पुसलं!"

"चित्राला काय पुसायचं? ते काय उत्तर देणार?"

"फडक्याने पुसलं हो सासूबाई! ओल्या फडक्याने!"

सासूबाईंच्या डोक्यात प्रकाश पडायला जरा वेळ लागला. पडला तशा त्या मटकन खाली बसल्या. आता मावशी काठी उगारणार म्हणून गळतीसाहेबांनी मान खाली घातली.

मावशी त्यांच्याकडे बघत राहिल्या. "जन्मभर मला कुणी पुसलं नाही," त्या सावकाश म्हणाल्या, "आणि तुम्ही पुसलंत, जावईबापू, ते हे असं?"

"माझं चुकलं मावशी. तुमची एकुलती एक नासपती. मी पाणी काढायला उलटं धरलं आणि ओघळ वर गेले, त्याचे कान झाले, आणि या गाढवाने त्याला मिशा..."

"साहेब, मिशा होत्या!" फ्रेमवाला फुलदाणीसकट कळवळून म्हणाला. "मावशी, तुमच्या पायाची शपथ, होत्या!"

"होत्या," मावशी म्हणाल्या.

गळतीसाहेबांनी मान वर केली. मावशींनी त्यांचा दंड धरला आणि त्यांना चित्रापाशी ओढत नेलं, इतक्या जवळ, की काचेवर दोघांच्या श्वासाचा दमट ठसा उमटला.

"चष्मा लावा," त्या कुजबुजल्या.

काल दुपारपासून गळतीसाहेबांनी वाचायचा चष्मा लावलाच नव्हता. तो त्यांनी आता लावला. दोन ओघळ होते खरे. पण त्यांच्या आत, बारीक, सफाईदार अशा पेन्सिलीच्या रेषा होत्या. कानाची पाळी होती. पुढचे दोन पाय द्राक्षांवर नीट टेकवलेले होते. हे कुणा पाणीखात्याच्या माणसाचं काम नव्हतं.

"पहिल्याच दिवशी हाताने दगा दिला," मावशी म्हणाल्या. "दार लावून बसले होते मी. शपथ घेतली होती, ससा काढायचा नाही. मन वाडग्यात होतं आणि हात आपला आपण चालत होता. भानावर आले तर हा बसलेला. दुसरा कागद आणायला तेव्हा ऐपत नव्हती. मग त्याच्यावर पांढऱ्याचा जाड थर दिला आणि वरून नासपती बसवली. आठवडा त्या नासपतीतच गेला माझा."

"म्हणून फक्त तेवढीच निघाली," गळतीसाहेब पुटपुटले. खडूसारखा तो लगदा आता त्यांच्या ध्यानात आला.

"आणि त्या मेल्या परीक्षकाने विचारलं, ससा कुठे आहे! लोक हसले, पण माझी गाळण उडाली. मला वाटलं, याला दिसला. तिथून जी पळाले ती पळालेच. आणि इतकी वर्षं सगळ्यांना सांगत बसले, की माझ्या एका चित्रात तरी ससा नाही." त्यांनी पदराने डोळे टिपले. रडत होत्या की हसत होत्या ते गळतीसाहेबांना कळेना. मग त्या बराच वेळ चित्राकडेच बघत राहिल्या, आणि त्यांचा चेहरा हळूहळू सैल झाला. "कान बघा कसा बसलाय. घाईत काढलेला नाही तो. लाज मला वाटली, जावईबापू. हाताला नव्हती वाटली."

मागे सभा चुळबुळायला लागली होती. ग्रंथपाल घसा खाकरत पुढे आले. "मावशी, लोकांना काय सांगायचं? ती पाटी काढू का?"

मावशी वळल्या. काठी टेकली, पण तिच्यावर भार टाकला नाही. "पाटी काढा," त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "चित्र राहू द्या. किटली माझी आहे, लिंबू माझं आहे आणि ससाही माझाच आहे. परीक्षकांनी मला विचारलं होतं ससा कुठे आहे. त्यांना उत्तर द्यायचं राहिलं होतं, एवढंच."

मग मागच्या रांगेतले एक वयस्क गृहस्थ उठले, चित्राजवळ आले, चष्मा कपाळावर सरकवून त्या ससा बसलेल्या द्राक्षांकडे, किटलीच्या निळ्याकडे, रुमालाच्या चुण्यांकडे नीट बघत राहिले. "काय चित्रकार आहे ही बाई," ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. ते मावशींनी ऐकलं. गळतीसाहेबांनी मावशींना ते ऐकताना पाहिलं, आणि काल दुपारपासून छातीवर बसलेला दगड उतरला तसे त्यांचेही डोळे भरून आले.

टाळ्या चालू असतानाच सासूबाई गर्दीतून वाट काढत आल्या. एव्हाना त्या सावरल्या होत्या.

"काय गं," त्या बहिणीला म्हणाल्या, "एवढा ससा चालतो, तर मग माझं पोर्ट्रेट का नको? त्याच्यावरही धूळ बसलीये. जावईबापूंना म्हणते उद्या या आणि जरा..."

गळतीसाहेबांच्या दंडावरचा मावशींचा हात एकदम आवळला.

"ताई, ते नको," मावशी घाईघाईने म्हणाल्या. मग गळतीसाहेबांच्या कानाशी वाकून, दबक्या आवाजात त्या म्हणाल्या, "जावईबापू, त्या चित्राचं कधी पुसायचं नाही. आणि ते चित्रही कधी पुसायचं नाही. कळलं?"

गळतीसाहेबांनी मावशींकडे पाहिलं. मग सावकाश सासूबाईंकडे पाहिलं. चष्मा अजून डोळ्यांवरच होता. सासूबाई टाळ्यांमुळे खुलून, सगळ्यांना दिसेल अशा हसत उभ्या होत्या, आणि त्यांचे पुढचे दोन दात जरा लांब आहेत हे गळतीसाहेबांच्या इतक्या वर्षांत प्रथमच लक्षात आलं.